माल्टाच्या शेळ्या

व्हॅलेटा शहर उतारावर वसलेलं आहे. तिथल्या कितीतरी गल्ल्या म्हणजे नुसत्या दगडी पायऱ्याच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोज सकाळी शेळ्यांचे कळप या पायऱ्या चढत येत. दारात उभं राहून गवळी हाक मारी, घरातली बाई भांडं घेऊन बाहेर येई आणि तिच्या डोळ्यांदेखत धार काढली जाई. गिऱ्हाईक वरच्या मजल्यावर राहत असेल तर शेळीच जिना चढून वर जाई. या शेळ्यांची कास एवढी मोठी असे की चालताना ती जमिनीला टेकायच्या बेतात असायची, रस्त्याची धूळ आणि घाण तिला लागायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे. खडकाळ, चाऱ्याचा तुटवडा असलेल्या या बेटावर गाई जवळजवळ नव्हत्याच. दूध म्हणजे शेळीचं दूध, तेही निरसं. समोर धार काढलेली असल्यामुळे त्यात पाणी घातल्याचा संशय नाही, म्हणून लोक निर्धास्त होते.

माल्टावर इंग्रजांचं राज्य होतं आणि भूमध्य समुद्रातल्या त्यांच्या आरमाराचा मोठा तळही तिथेच होता. तळावरच्या शिपायांना आणि खलाशांना एक विचित्र ताप गाठायचा. क्रिमियाच्या युद्धात जखमींना माल्टाला आणत, तेव्हापासून लष्करी डॉक्टर त्याच्याविषयी लिहीत होते. जेफ्री मार्स्टन या लष्करी डॉक्टरने 1860 च्या सुमारास त्याचं पहिलं नीटस वर्णन केलं, आणि त्यातला बराचसा भाग त्याने स्वतः अंथरुणावर पडून भोगलेला होता. जिब्राल्टर, नेपल्स, सायप्रस अशा जागांच्या नावांनी हाच ताप ओळखला जाई. माल्टावर त्याचा जोर सर्वांत जास्त, म्हणून ‘माल्टा ताप’ हे नाव रूढ झालं.

धडधाकट शिपाई आधी नुसता मलूल होई. जेवण नको वाटे, डोकं आणि कंबर दुखे. मग संध्याकाळी कणकण येई, रात्री ताप फणफणे आणि पहाटे अंथरूण भिजेल इतका घाम सुटे. सकाळी तो जरा हुशारीत दिसे, संध्याकाळी पुन्हा तेच. असे दोन-तीन आठवडे गेले की ताप उतरे. माणूस उठून बसे, दाढी करी, घरी पत्र लिही. आठ-दहा दिवस बरे जात आणि ताप उलटे. या वेळी गुडघा सुजलेला असे, तो ओसरेपर्यंत खांदा धरे. काहींचे वृषण सुजत. काहींची कंबर अशी धरे की कूस बदलताना माणूस ओरडे. तीन-तीन, चार-चार महिने खाटेवर जात, काहींचं वर्ष जाई. क्विनाइन देऊन पाहिलं, त्याचा उपयोग शून्य. मरणारे थोडे, शंभरात दोन-तीन. पण जगलेला माणूस बंदूक उचलण्याच्या लायकीचा उरत नसे. त्याला जहाजात घालून इंग्लंडला पाठवून देत. सैन्याला या तापाची खरी धास्ती होती ती एवढ्यासाठी.

1884 मध्ये डेव्हिड ब्रूस हा तरुण लष्करी डॉक्टर नव्या नवरीला घेऊन माल्टात आला. जंतुशास्त्र तेव्हा नुकतं कुठे उभं राहत होतं. कॉख या शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू दाखवून दोनच वर्षं झाली होती. ब्रूसने सूक्ष्मदर्शक मिळवला. त्याची बायको मेरी ही त्याच्या प्रयोगशाळेतली पूर्ण वेळची सहकारी. जंतू वाढवण्याचं माध्यम तयार करणं, काचपट्ट्या रंगवणं, पाहिलेलं कागदावर रेखाटणं, हे सगळं ती करी. ज्युझेप्पे कारुआना शिक्लुना या माल्टी जंतुशास्त्रज्ञाचीही मोठी मदत झाली. तापाने मेलेल्या शिपायांच्या शवविच्छेदनात पानथरी सुजलेली आढळे. ब्रूसने त्या पानथरीचा अंश घेऊन माध्यमावर पेरला. इतर जंतू एका दिवसात वर येतात, हा येईना. तीन-चार दिवसांनी बारीक, मोत्यासारखे ठिपके दिसू लागले. हे जंतू टोचलेल्या माकडांना ताप आला आणि त्यांच्या पानथरीतही तोच जंतू सापडला. 1887 मध्ये ब्रूसने हा शोध प्रसिद्ध केला.

जंतू सापडला, पण तो माणसात येतो कुठून ते कळलं नाही, आणि हा प्रश्न पुढची अठरा वर्षं तसाच लटकत राहिला. या अठरा वर्षांबद्दल मला सर्वांत जास्त कुतूहल वाटतं. माणसं हुशार होती आणि साधनं हळूहळू हाताशी येत होती. 1897 मध्ये ऑल्मरोथ राइट या शास्त्रज्ञाने रक्ताची परीक्षा बसवली: रोग्याच्या रक्तातला पातळ रस जंतूंच्या द्रावणात मिसळायचा, जंतू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले की रोग माल्टा तापाचा. याच राइटने लस म्हणून जंतू स्वतःला टोचून घेतले आणि माल्टा तापाने आजारी पडला. त्याच वर्षी लुई ह्यूझ या डॉक्टरने या रोगावर आख्खा ग्रंथ लिहिला. तरीही सर्वांची नजर गटारांवरच खिळलेली होती. घाणेरडी हवा, बंदराचा गाळ, बराकींमागचे संडास, मग धूळ, मग डास, या सगळ्यांवर संशय गेला. शेळीकडे कुणी पाहिलं नाही, कारण शेळी आजारी दिसत नव्हती. तिचं अंग चमकत होतं, ती खात होती, भरपूर दूध देत होती. रोग पसरवणारा प्राणी रोगट दिसलाच पाहिजे, ही समजूत त्या काळच्या विद्वानांमध्येही घट्ट होती.

1904 मध्ये सरकारच्या विनंतीवरून रॉयल सोसायटीने या तापाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. अध्यक्ष ब्रूस. तो मधल्या काळात झुलूलँडमध्ये जाऊन त्सेत्से माशीमुळे जनावरांना होणाऱ्या रोगाचा छडा लावून आला होता आणि त्याची कीर्ती झाली होती. सदस्यांत लष्कराचे आणि आरमाराचे डॉक्टर होते, आणि एक स्थानिक माणूस होता: थेमिस्टोक्लिस झामिट. व्हॅलेटाचा जन्म, माल्टाच्या आरोग्य खात्यात नोकरी, वय चाळीस. पुढे हाच झामिट माल्टाच्या पुरातत्त्वाचा जनक म्हणून ओळखला गेला. तार्शीनची पाच हजार वर्षांपूर्वीची मंदिरं त्याने उकरून काढली. बेटावरचे दगड, घरं, माणसं, जनावरं यांच्यात तो वाढला होता. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना शेळी म्हणजे रस्त्यातलं दृश्य होतं, झामिटला ती घरोघरच्या चुलीशी जोडलेली दिसत होती, असं मला वाटतं. याचा पुरावा माझ्यापाशी नाही, पण नेमकं त्यानेच तिकडे पाहावं याला काही कारण असणारच.

प्रयोगासाठी त्याने काही शेळ्या आणल्या. शेळीला हा रोग होत नाही असं सगळे धरून चालले होते. जून 1905 मध्ये, जंतू टोचण्याआधीच, त्याने या निरोगी शेळ्यांचं रक्त तपासून पाहिलं. सहापैकी पाच शेळ्यांच्या रक्ताने जंतूंचे पुंजके केले. प्रयोग सुरू होण्याच्या आधीच शेळ्यांना रोग झालेला होता! लगेच कळपांची तपासणी सुरू झाली. आयोगातल्या मेजर हॉरॉक्सने दूध घेऊन माध्यमावर पेरलं, तेव्हा त्यातून जिवंत जंतू वाढले. हळूहळू चित्र स्पष्ट झालं. बेटावरच्या सुमारे निम्म्या शेळ्यांना कधी ना कधी लागण झालेली होती आणि दहांतली एक शेळी रोजच्या दुधातून जंतू बाहेर टाकत होती. दुधाच्या रंगात, वासात, चवीत काहीही फरक नव्हता.

मग जुनी कोडी एकेक करून उलगडली. शिपायांपेक्षा अधिकाऱ्यांत हा ताप जास्त का, तर त्यांच्या टेबलावर दूध जास्त. जिब्राल्टरचा ताप आपोआप का कमी झाला, तर माल्टाहून तिथे जाणाऱ्या शेळ्याच कमी झाल्या होत्या. सर्वांत क्रूर उलगडा इस्पितळांचा होता. पाय मोडला म्हणून किंवा दुसऱ्या कसल्या दुखण्यासाठी दाखल झालेला माणूस बरा होता होता माल्टा तापाने पडायचा, आणि डॉक्टर भिंती धुवून घेत, गटारं उकरत. प्रत्यक्षात अशक्त रोग्याला ताकद यावी म्हणून इस्पितळच त्याला भरपूर दूध पाजत होतं. ज्यांनी हा पथ्याचा आहार लिहून दिला त्या डॉक्टरांच्या मनाचं हे कळल्यावर काय झालं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

1905 च्याच ऑगस्टमध्ये ‘जोशुआ निकल्सन’ नावाच्या आगबोटीवर माल्टाच्या पासष्ट शेळ्या चढवण्यात आल्या. जातिवंत दुभती जनावरं म्हणून अमेरिकेच्या शेतकी खात्याने त्या घेतल्या होत्या. वाटेत खलाशांची चंगळ झाली, रोज ताजं दूध. बोट अँटवर्पला पोहोचली, शेळ्या दुसऱ्या जहाजाने न्यूयॉर्ककडे गेल्या, आणि निरसं दूध प्यालेले खलाशी एकामागून एक तापाने पडू लागले. ज्यांचा पुढे शोध लागला त्यांतल्या बहुतेकांना माल्टा ताप झालेला होता. कुठल्याही आयोगाला मुद्दाम करता आला नसता असा हा प्रयोग समुद्रावर आपसूक घडला. अमेरिकेत शेळ्यांना विलगीकरणात ठेवलं गेलं, तपासणीत त्यांच्यातही रोग सापडला आणि शेवटी त्या मारून टाकाव्या लागल्या.

1906 च्या उन्हाळ्यात सैन्याने आणि आरमाराने शेळीचं दूध बंद करून डब्यातलं आटवलेलं दूध सुरू केलं. 1905 मध्ये एकट्या सैन्याच्या तळावर सहाशेहून जास्त रोगी होते, 1907 मध्ये ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. ना औषध, ना लस. फक्त एक जिन्नस शिध्यातून काढून टाकला आणि रोग गेला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतकी सरळ, इतकी झटपट यशं फार थोडी आहेत. 1908 मध्ये ब्रूसने ‘माल्टा तापाचं उच्चाटन’ अशा मथळ्याचं व्याख्यान दिलं. झामिटचं श्रेय त्यात जसं यायला हवं तसं आलं नाही, आणि त्यावरून पुढे पुष्कळ वाद झाले. नव्या जंतूच्या कुळाला 1920 मध्ये ब्रूसचं नाव मिळालं, ब्रुसेला. जंतू त्याने शोधला होता, तेव्हा त्याबद्दल तक्रार करता येत नाही. पण झामिटने ते पहिलं रक्त तपासलं नसतं तर आयोग किती वर्षं धूळ आणि डास तपासत बसला असता, कोण जाणे.

श्रेयापेक्षाही त्या मथळ्यातला ‘उच्चाटन’ हा दावा मला जास्त टोचतो. उच्चाटन बराकींमधून झालं होतं. बराकीच्या भिंतीपलीकडे, त्याच गल्ल्यांमध्ये, त्याच पायऱ्यांवर, माल्टाची माणसं तेच दूध पुढची तीस वर्षं पीत राहिली आणि आजारी पडत राहिली. शिपायाला हुकूम देता येतो आणि आटवलेल्या दुधाचा खर्च सरकार भरतं. बेटावरच्या गरीब आईला डब्याचं दूध परवडणार कसं? गवळ्याला सांगितलं की तुझी शेळी रोगी आहे, तर तो ती समोर उभी करून विचारी, रोग दिसतो कुठे? शेळी मारायची तर तिची भरपाई कोण देणार? कळप म्हणजे त्याचं सगळं घर. उकळलेल्या दुधाची चव लोकांना आवडत नव्हती, आणि कच्च्या दुधाचं ताजं चीज तर घरोघरी होई. दारोदार शेळ्या फिरवण्यावर हळूहळू बंदी येत गेली, 1938 मध्ये पाश्चरीकरणाचं केंद्र सुरू झालं, तेव्हा कुठे आकडे खाली येऊ लागले. झामिट 1935 मध्येच वारला होता. त्यानंतरही, 1995 मध्ये, कच्च्या दुधाच्या चीजमुळे माल्टात शंभरावर लोकांना हा रोग झाला.

या जंतूचा मुक्काम एवढा लांबतो कसा, ते पुढे कळलं. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून मारणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांनाच तो घर करतो. त्यांच्या आत बसून तो पानथरी, यकृत, अस्थिमज्जा इथे पोहोचतो आणि दबा धरतो. ताप उलटतो तो याच कारणाने. बराच काळ उपचार झाले नाहीत तर तो मणक्यांत उतरतो, विशेषतः कमरेच्या. दोन मणक्यांमधली चकती आणि हाडांच्या कडा कुरतडल्या जातात. क्वचित मेंदूच्या आवरणाला सूज येते, ऐकू येणं कमी होतं, पाय लुळे पडतात. शंभरातल्या एखाद-दुसऱ्या रोग्यात तो हृदयाच्या झडपेवर बसतो. या रोगाने जी थोडी माणसं मरतात त्यांतली बहुतेक झडप निकामी झाल्यामुळेच मरतात. आणि मनावर होणारा परिणाम कुठल्याच फोटोत दिसत नाही: महिनोन् महिने टिकणारी मरगळ, उदासी, कशातच जीव न लागणं.

ही शेवटची गोष्ट ॲलिस इव्हान्सने भोगली. अमेरिकेच्या शेतकी खात्यात दुधातल्या जंतूंवर काम करणारी ही बाई. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांनी 1897 मध्ये गाई गाभडण्यास कारण होणारा एक जंतू शोधला होता. तो आणि माल्टाचा जंतू हे सख्खे भाऊ आहेत, तेव्हा गाईचं निरसं दूधही माणसाला धोक्याचं आहे, हे इव्हान्सने 1918 मध्ये सप्रमाण मांडलं. तिच्याकडे डॉक्टरेट नव्हती, ती बाई होती, आणि दूध धंद्याला तिचं म्हणणं परवडणारं नव्हतं. थिओबाल्ड स्मिथसारख्या दिग्गजानेही तिच्यावर अविश्वास दाखवला. 1922 मध्ये प्रयोगशाळेतच तिला लागण झाली. ताप यायचा, जायचा. डॉक्टरांनी ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असं निदान केलं, म्हणजे सोप्या भाषेत बाईच्या मनाचे खेळ. ज्या रोगावर तिचा हात जगात कुणी धरू शकत नव्हतं, तो रोग तिलाच आहे हे सिद्ध व्हायला 1928 उजाडावं लागलं. एका शस्त्रक्रियेत काढलेल्या भागातून जंतू वाढले तेव्हा. त्याच वर्षी ती अमेरिकेच्या जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. ताप मात्र पुढेही अनेक वर्षं उलटत राहिला.

गाईगुरांतला हा रोग आपल्याकडे ‘सांसर्गिक गर्भपात’ म्हणून ओळखला जातो. सातव्या-आठव्या महिन्यात गाभण गाय गाभडते, वार अडकते, आणि त्या वारेत, त्या पाण्यात अगणित जंतू असतात. दूध उकळून घेण्याच्या मराठी घरच्या सवयीने आपल्याला पुष्कळ वाचवलं आहे. पण धारोष्ण दूध ताकदीचं मानून पिणारेही गावोगाव आहेत, आणि अडकलेली वार उघड्या हाताने ओढून काढणारा शेतकरी, त्याची बायको, पशुवैद्यक यांना दूध उकळून काय फायदा? हातावरची बारीकशी चीर या जंतूला पुरते. असा माणूस पुढे कंबरदुखी आणि बारीक ताप घेऊन दवाखान्यात येतो. मणक्याच्या फोटोत हाड खाल्लेलं दिसतं आणि आपल्या मुलखात पहिला विचार क्षयाचाच येतो. क्षयाच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन या जंतूवरही चालतं, त्यामुळे थोडा उतार पडतो आणि चुकीचं निदान आणखी पक्कं होतं. रक्ताची तपासणी सोपी आहे. डॉक्सिसायक्लिनच्या जोडीला दुसरं औषध देऊन किमान सहा आठवडे उपचार चालतात, मणका धरला असेल तर त्याहून लांब. घरी गाई-शेळ्या आहेत का, एवढा प्रश्न मात्र आधी विचारला जायला हवा.

गुरांसाठी लस आहे आणि तिची कथा याच इतिहासातली आहे. 1923 मध्ये अमेरिकेत जॉन बक या संशोधकाने एका जर्सी गाईच्या दुधातून हा जंतू वेगळा केला. ती नळी प्रयोगशाळेच्या मेजावर वर्षाहून अधिक काळ तशीच पडून राहिली, आणि पुन्हा तपासली तेव्हा त्या जंतूची धार बोथट झालेली होती. ‘स्ट्रेन 19’ ती हीच. 2019 पासून केंद्र सरकारच्या मोहिमेत चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना तीच टोचली जाते. लस जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाही रोग होऊ शकतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालायचा असतो. लसीने पुढची पिढी वाचते. गोठ्यात आधीच लागण झालेल्या गाईवर मात्र इलाज नाही. पाश्चात्त्य देशांनी अशी जनावरं शोधून, मारून आणि मालकाला भरपाई देऊन रोग संपवला. महाराष्ट्रात गाय मारायला श्रद्धेची आणि कायद्याचीही आडकाठी आहे, आणि तिला आयुष्यभर वेगळी बांधून पोसायचं तर दोन-तीन जनावरांच्या धन्याला ते झेपत नाही. दोनदा गाभडलेली अशी गाय मग एखाद्या बाजारच्या दिवशी, काहीही न सांगता, दुसऱ्याच्या गोठ्यात जाते.